चौदा नंबरचा कोपरा

तेलाच्या विहिरींच्या त्या वसाहतीत काकूंना नावाने हाक मारणारं कोणी राहिलं नव्हतं. सगळे त्यांना कोपरेवाल्या काकू म्हणत. पोस्टमनसुद्धा. पाकिटावर नाव काहीही असो, तो दारात उभा राहून विचारी, "कोपरेवाल्या काकू आहेत का घरात?" आणि आतून काका ओरडत, "घरात असत्या तर कोपरे कोणी पुसले असते?"

कोपरे म्हणजे अॅल्युमिनियमचे तीन तिकोनी पत्रे. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन जशी एकमेकींना भेटतात, तसे काटकोनात जोडलेले आणि तोंड तिरपं आकाशाकडे केलेले. काकूंच्या छातीपर्यंत येईल एवढा एकेक. प्रत्येकाखाली सिमेंटचा सपाट ओटा, त्यात रुतवलेले चार बोल्ट. विहिरींच्या सात-आठ किलोमीटरच्या पट्ट्यात असे बावीस कोपरे उभे होते. दर बारा दिवसांनी सकाळी सव्वासहाच्या सुमाराला वरून उपग्रह जाई. त्याच्या रडारचे किरण या पत्र्यांवर आपटून थेट त्याच्याकडेच परत जात. मागच्या फेरीला कोपरा किती लांब होता आणि या फेरीला किती लांब आहे, यावरून जमीन किती मिलिमीटर बसली किंवा फुगली ते शहरातल्या ऑफिसात कळे. तेल उपसलं की जमीन हळूहळू खाली बसते, तेल वर ढकलायला पाणी दाबून भरलं की काही ठिकाणी फुगते. या हालचालीने पाइप वाकतात, विहिरींचे नळ तुटतात, म्हणून हे लक्ष.

काकूंना हे सगळं पुष्कळ उशिरा कळलं. कामाला लागल्या तेव्हा मुकादमाने एका वाक्यात सांगितलं होतं, "वरून कोणीतरी बघतं, आपण आरसा स्वच्छ ठेवायचा." त्या तेवढंच धरून अकरा वर्षं चालल्या.

आरसा स्वच्छ ठेवणं वाटतं तेवढं सोपं नव्हतं. तीन पत्र्यांच्या बेचक्यात वाळू साचे, पाला साचे, गांधीलमाश्या घर करत. पाच नंबरात एक कुत्री पिल्लांसकट राहायला आली होती. तिला उठवायला काकूंना चार दिवस लागले आणि एक चावा. नऊ नंबरचा पत्रा उन्हात छान तापतो हे टँकरच्या ड्रायव्हरांना कळल्यावर त्यावर बनियनी वाळायला लागल्या. शहरातल्या ऑफिसातून फोन आला की नऊ नंबर अंधूक दिसतोय, काय झालंय? काकूंनी खरं ते सांगितलं. पलीकडे एक मुलगी बराच वेळ हसत होती. तिला काकू त्या दिवसापासून नकाशेवाली म्हणायला लागल्या, आधी मनात आणि मग तोंडावर.

हे काम आलं ते काकांच्या पाठीमुळे. काका विहिरींवरच कामाला होते. कप्पीवरून घसरलेला पाइप त्यांच्या कमरेत बसला आणि ते कायमचे घरी बसले. कंपनीने घरातल्या एकाला काम देऊ केलं. मुलगी तेव्हा नर्सिंग शिकत होती, तिचं शिक्षण मोडायचं नव्हतं. मग काकू निघाल्या. सायकलच्या मागे पाण्याचे दोन डबे, पुढे टोपलीत कुंचा, फडकी आणि खरवडायची पट्टी. फेरीच्या आधीचे तीन दिवस बावीस कोपरे पुसायचे, मधल्या दिवसांत बोल्ट बघायचे, गवत काढायचं. बारा दिवस संपले की पुन्हा पहिल्यापासून. मुलगी आता दुसऱ्या गावच्या इस्पितळात होती. रविवारी फोन करून ती म्हणायची, "आई, सोड ना आता ते. तुझ्या टाचा बघ." काकू म्हणायच्या, "सोडते." दोघींनाही त्याचा अर्थ माहीत होता.

काकूंना शीण होता तो एखाद्या दिवसाचा नव्हता. अंग दुखतं म्हणून सांगावं तर नेमकं कुठे ते सांगता येत नसे. सकाळी उठल्यावर पलंगाच्या कडेला बसून त्या दोन मिनिटं नुसत्या पायांकडे बघत, आणि मग पायच काय ते ठरवत.

अकराव्या वर्षी, थंडी संपता संपता, चौदा नंबरचं पाणी बिघडलं.

पत्रे पुसून झाले की डब्यात उरलेलं पाणी काकू ओट्यावर ओतून टाकत. पक्ष्यांची घाण धुऊन निघायची. ओटा सपाट असल्याने पाणी चारी बाजूंनी सारखं ओघळे. पण चौदा नंबरवर ते एकाच बाजूने जायला लागलं, डावीकडे. पहिल्यांदा काकूंना वाटलं, आपणच डबा तिरका धरला. दुसऱ्यांदा नीट मध्यभागी ओतलं, तरी डावीकडेच. त्यांनी मुकादमाला सांगितलं. मुकादम म्हणाला, "काकू, पाणी आहे, कुठेतरी जाणारच."

महिन्याभराने त्याच मुकादमाने त्यांना बोलावलं. त्याची केबिन म्हणजे पत्र्याची खोली, एक पंखा, एक टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. काकू पहाटेपासून बाहेर होत्या. खुर्चीत बसल्यावर पुन्हा उठायची त्यांना इच्छा राहिली नाही.

"चौदा नंबर खाली चाललाय," मुकादम म्हणाला. "शहरातून पत्र आलंय. बाकीचे सगळे एकमेकांना धरून आहेत, तेरा नंबर थोडा जास्त बसतोय म्हणतात, पण चौदा तर फेरीगणिक पाच-सहा मिलिमीटर. टँकरचा धक्का लागला असणार."

"धक्का लागला असता तर पत्रा चेपला असता. परवाच पुसलाय. ओरखडासुद्धा नाही."

"मग ओट्याला लागला असेल."

"ओट्यालाही नाही. पाण्याचं मी तुम्हाला सांगितलं होतं."

मुकादमाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. वाईट माणूस नव्हता तो. काकूंचा पाय मुरगळला होता तेव्हा त्याने स्वतः सात कोपरे पुसले होते. "काकू, मला निवृत्तीला दहा महिने राहिलेत," तो म्हणाला. "इथे एक ओळ लिहायची आहे. वाहनाचा धक्का लागून कोपरा ढिला झाला. तुम्ही सही करा, खाली मी करतो. ते चौदा नंबर हिशेबातून काढून टाकतील, विषय संपला. नाहीतर माणसं येतील, मोजतील, महिनाभर तुम्हाला आणि मला उन्हात फिरवतील. काय निघणार आहे त्यातून?"

काकूंनी कागदाकडे बघितलं. अक्षरं त्यांना वाचता येत होती. बाहेर सायकल उभी होती, डबे रिकामे होते, घरी जाऊन भात टाकायचा होता. त्यांनी सही केली. पेन परत देताना त्यांना वाटलं की काहीतरी बोलावं, पण बोलायला उभं राहावं लागलं असतं आणि उभं राहिलं की त्या घरीच जाणार होत्या.

पुढच्या फेरीला चौदा नंबर पुसायची गरज नव्हती. तरी सवयीने सायकल तिथे थांबली. काकूंनी पत्रे पुसले, पाणी ओतलं. ते सगळंच्या सगळं डावीकडे गेलं, उजवी बाजू कोरडी राहिली. काकूंनी डबा परत सायकलला अडकवला. मग सायकल वळवून तेरा नंबरला परत आल्या. तो पुसून झाला होता आणि तिथलं पाणी त्यांनी आज बघितलं नव्हतं. डब्यात तळाला थोडं उरलं होतं, ते ओट्याच्या मध्यावर ओतलं. इथे ते उजवीकडे गेलं.

चौदाच्या डावीकडे आणि तेराच्या उजवीकडे एकच जागा होती. टँकर उभे राहायचं मैदान आणि त्याला लागून पत्र्याच्या छपराचं कॅन्टीन.

कॅन्टीन काकूंची धाकटी जाऊ आणि दीर चालवत. सोळा वर्षं. ड्रायव्हर तेल भरायला रांगेत थांबले की तिथेच चहा, तिथेच जेवण. जावेने खिडकीतून काकूंना बघितलं आणि हात केला. "ताई, तशाच कुठे निघालात? चहा घ्या आधी. तोंड बघा किती उतरलंय."

काकू बाकावर बसल्या. जाऊ बोलत होती. तिचं बोलणं नळासारखं असे, सोडला की वाहतो. गॅसवाला उशीर करतोय, दिराला रात्री झोप नाही, कोठीचं दार लागत नाही, उचलून लावावं लागतं, सुताराला तीनदा सांगितलं. उकडलेली अंडी तिने ताटलीऐवजी जाड फडक्यावर मांडली होती.

"हे काय?" काकूंनी विचारलं.

"अहो, टेबलावर ठेवली की मागच्या भिंतीकडे पळतात. एक पाय आखूड झालाय टेबलाचा. खाली पुठ्ठा घातला तरी तेच."

काकूंनी वाकून टेबलाचे पाय बघितले. चारही सारखे होते. जाऊ हसली, "काय शोधताय? पैंजण पडलं का माझं?" काकूंनी चहा संपवला आणि काही न बोलता निघाल्या. जावेला वाटलं, ऊन लागलंय.

घरी काका पलंगावर पडून रेडिओ ऐकत होते. काकूंनी हातपाय धुतले, त्यांच्या शेजारी स्टुलावर बसल्या आणि सगळं सांगितलं. सहीसकट. काकांनी रेडिओ बंद केला. सहीबद्दल ते रागावतील असं काकूंना वाटलं होतं. ते म्हणाले, "कॅन्टीनच्या मागे म्हणतेस? मागची भिंत म्हणजे जिथे ती भांडी घासते तिथे?"

"हो."

काका छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तिथे जुनी विहीर आहे. कॅन्टीनच्या कितीतरी आधीची. तेल संपलं म्हणून बुजवली. मी होतो त्या टोळीत. तेवीस वर्षांचा होतो."

"बुजवली ना मग?"

"तळापासून वरपर्यंत सिमेंट भरायचं असतं, टप्प्याटप्प्याने. आम्ही वरचं थोडं भरलं. दुसरीकडे यंत्र हवं होतं, फोरमन म्हणाला बास, तोंडावर झाकण जोडा. कागदावर पूर्ण भरली असं लिहिलं." ते थांबले. "आम्ही चौघांनी खाली सह्या केल्या. मीही केली."

लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत काका त्या कॅन्टीनमध्ये भावाकडे शेकडो वेळा जाऊन बसले होते, मागच्या अंगणात हातसुद्धा धुतले होते.

"कधी बोलला नाहीत."

"काय बोलणार? आधी वाटायचं कोणीतरी बघेल. मग छप्पर उभं राहिलं, धाकट्याला कंत्राट मिळालं, सगळे खूश होते. मग विसरलो." त्यांनी कूस बदलायचा प्रयत्न केला, पाठीने ऐकलं नाही. "विसरलो असं नाही. बोललो नाही."

काकूंनी नकाशेवालीचा नंबर लावला तेव्हा दुपारचे चार वाजले होते. त्यांना फक्त हे लवकर संपावंसं वाटत होतं.

"मॅडम, मी कोपरेवाली. चौदा नंबरचा कागद आला असेल तुमच्याकडे. त्यावरची माझी सही खोटी आहे. धक्का लागलेला नाही."

पलीकडे कोणी हसलं नाही. नकाशेवालीने खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "काकू, मला पहिल्यापासून सांगा. घाई करू नका."

काकूंनी पाण्याचं सांगितलं, दाराचं सांगितलं, अंड्यांचं सांगितलं. नकाशेवाली मधेमधे विचारत होती, पाणी कुठून कुठे, किती झपाट्याने, कधीपासून. मग ती म्हणाली, "तेरा नंबर जास्त बसतोय हे मलाही दिसत होतं. पण सगळाच पट्टा थोडा थोडा बसतो, म्हणून मी त्याला त्यात धरलं. आणि मधलं मैदान मला दिसतच नाही, काकू. तिथे रोज टँकर येतात-जातात. कालच्या टँकरचा पत्रा आज जागेवर नसतो. रडारला दर वेळी वेगळंच काहीतरी दिसतं, मग दोन फेऱ्यांची तुलना करता येत नाही. माझ्या नकाशावर ती जागा कोरी आहे. तिच्या दोन्ही कडांना तुमचे दोन कोपरे आहेत, तेवढेच."

"आमचे हे बोलणार आहेत तुमच्याशी," काकू म्हणाल्या आणि फोन काकांच्या कानाला लावला. काका बोलले. जेवढं काकूंना सांगितलं होतं तेवढंच, त्याच क्रमाने. शेवटी म्हणाले, "खाली मिठाचा थर आहे तिथे. खोदताना लागला होता. पाणी शिरलं असेल तर मीठ टिकत नाही." मग त्यांनी फोन परत दिला.

तिसऱ्या दिवशी माणसं आली. शहरातून दोन गाड्या, त्यात नकाशेवाली स्वतः. काकूंनी तिला पहिल्यांदाच बघितलं. आवाजावरून वाटायची त्यापेक्षा ती लहान होती आणि तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. तिने काकूंकडून दोन्ही ओट्यांवर पाणी ओतवून घेतलं, मग यंत्र लावून तेच मोजलं, मग बाजूला जाऊन बराच वेळ फोनवर बोलली. दुपारी चार वाजता टँकर हटवायचा आणि कॅन्टीन रिकामं करायचा हुकूम निघाला. लगेच, तासाभरात.

जावेला आधी तो विनोद वाटला. मग दीर आत-बाहेर करायला लागला, शेगड्या निघाल्या, पातेली निघाली, गहू-तांदळाचे डबे रस्त्याच्या कडेला मांडले गेले. भाताचं पातेलं अर्धं शिजलेलं होतं. काकू सामान उचलायला गेल्या तर जावेने त्यांच्या हातातून परात काढून घेतली.

"तुम्ही सांगितलंत ना त्यांना?"

"मी सांगितलं."

"माझ्याकडे चहा प्यायलात, टेबलाखाली वाकून बघितलंत, आणि मला एक शब्द न बोलता तिकडे जाऊन सांगितलंत."

खरंच तसंच झालं होतं. आधी जावेला सांगायला हवं होतं, एवढं साधं त्यांना सुचलं नव्हतं. "जमीन पोकळ आहे गं खालून," त्या म्हणाल्या.

"भिंतीला तडा तरी आहे का? दाखवा मला. एक तडा दाखवा."

तडा नव्हता. दीर मधे पडला, "वहिनी, तुम्ही घरी जा आत्ता." त्याला विहिरीचं अजून माहीत नव्हतं. ते त्याला काकांनी संध्याकाळी बोलावून सांगितलं. तो ऐकून घेऊन उठला आणि दारातून जाताना एवढंच म्हणाला, "दादा, मी तिथे पोरांना झोपवायचो दुपारी." त्यानंतर तो त्या घरात दोन वर्षं आला नाही.

भांडी घासायच्या जागेची फरशी उखडली तेव्हा खाली गंजलेलं झाकण निघालं. ते कापून आत वजन बांधलेली तार सोडली. जिथे सिमेंट लागायला हवं होतं तिथे थोडं लागलं, तेही फुटून बाजूला झालेलं. तार त्याच्या कडेने निसटली आणि खाली जात राहिली. कुठल्यातरी फुटक्या नळातून पाणी वर्षानुवर्षं आत उतरत होतं आणि मिठाचा थर विरघळवत होतं. पोकळी किती मोठी ते आधी कोणी सांगेना. मग सिमेंट ओतायला सुरुवात झाली तेव्हा कळलं. अकरा दिवस गाड्यांमागून गाड्या येत होत्या. वसाहतीतली माणसं संध्याकाळी कुंपणाशी उभं राहून बघत, जांभया देत आणि परत जात.

जमीन कोसळली नाही. एवढंच झालं, आणि हेच काकूंना पुढे महाग पडलं. कॅन्टीन होतं तसं उभं राहिलं, रिकामं, आणि वर्षभराने कंपनीने ते पाडलं. ड्रायव्हर म्हणत, पाण्याच्या डब्यापायी जेवायची सोय गेली. दिराला दुसऱ्या गेटापाशी जागा दिली, पण तिथे टँकर थांबतच नव्हते. दीड वर्ष तो तिथे माश्या मारत बसला, मग एका गोदामावर पहारेकरी म्हणून लागला. मुकादमाला चौकशीला जावं लागलं. निवृत्तीच्या दिवशी त्याने सगळ्यांचा निरोप घेतला, काकूंचाही, पण हात न मिळवता. आणि काकूंना कंपनीचं एक पत्र आलं, अकरा वर्षांतलं पहिलंच. खोट्या कागदावर सही केल्याबद्दल सक्त ताकीद. काकूंनी ते दोनदा वाचलं. चुकीचं काही लिहिलं नव्हतं. त्यांनी ते रेशनच्या कागदांबरोबर ठेवून दिलं.

काकांना कोणी काही विचारलं नाही. फोरमन कधीच गेला होता, उरलेल्या तिघांचा पत्ता नव्हता. कोणीतरी येईल, लिहून घेईल म्हणून काका बरेच दिवस दाढी करून बसत. मग त्यांनी ते सोडलं.

नकाशेवालीने एकदा फोनवर चित्र पाठवलं. एक रेघ उतरत उतरत येत होती आणि मग एका जागी आडवी झाली होती. खाली लिहिलं होतं, 'चौदा नंबर. सहा फेऱ्या, हालचाल नाही.' काकांनी चष्मा लावून ते जवळ धरलं, लांब धरलं.

"ही आडवी म्हणजे बरं ना?"

"बरंच."

"हं," काका म्हणाले आणि फोन परत दिला. त्या दिवसापासून ते संध्याकाळी काठी घेऊन फाटकापर्यंत चालायला लागले.  

पुढच्या वर्षी नकाशेवाली नोकरी सोडून गेली. जाताना तिने फोन केला, काकूंच्या टाचांची चौकशी केली, आणि आपल्यालाही नीट झोप लागत नाही असं सांगितलं. "तुम्ही फोन करायच्या आधीच मी तो कागद फाइलला लावला होता, काकू. माझीही सही होती त्यावर, मंजूर म्हणून." तिच्या जागी जो आला त्याने कधी फोन केला नाही. मग बावीसमधले तेरा कोपरे काढून टाकले. पाइप, टाक्या, छपरं यांच्यावरूनच आता मोजता येतं म्हणाले. काकूंकडे नऊ उरले. काम अर्धं झालं तरी शीण अर्धा झाला नाही.

जाऊ त्यांच्याशी बोलत नव्हती. भिंतीला भिंत लागून घरं, एकीच्या कुकरच्या शिट्ट्या दुसरीला ऐकू जात. दोन वर्षं समोरासमोर आल्या की जाऊ पदर नीट करायचं निमित्त करून दुसरीकडे बघायची. काकूंनी सुरुवातीला चारदा हाक मारली, पाचव्यांदा मारली नाही.

मग एका सकाळी जावेने दार वाजवलं. उंबऱ्याबाहेरच उभी राहून म्हणाली, "डोळ्याचं ऑपरेशन आहे उद्या. मोतीबिंदू. ह्यांना सुट्टी मिळत नाही, मुलं लांब. सोबत कोणीतरी पाहिजे म्हणतात. नाहीतर आले नसते."

"किती वाजता?" काकूंनी विचारलं.

इस्पितळाच्या दालनात खुर्च्यांच्या रांगा होत्या आणि सगळ्या भरलेल्या. दोघींना शेजारी जागा मिळाली. जावेच्या डोळ्यात थेंब घातले होते, तिला समोरचं नीट दिसत नव्हतं. कदाचित म्हणूनच ती बोलायला लागली. आधी डॉक्टरबद्दल, मग सुनेबद्दल, मग दिराच्या पायांना येणाऱ्या सुजेबद्दल. नळ पूर्वीसारखा सुटला नव्हता, थेंब थेंब येत होता. मधेच ती काकूंकडे वळली.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

काकूंनी दोन वर्षांत याची पुष्कळ उत्तरं तयार केली होती. त्यातलं एकही आत्ता आठवेना. "दमले होते गं," त्या म्हणाल्या. "एकदाच सांगायचं बळ होतं. तिकडे सांगितलं."

जाऊ ओल्या डोळ्यांनी समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. औषधाने ओले की कशाने, ते कळायला मार्ग नव्हता. "माझं सगळं त्या भांड्यांत गेलं, ताई," ती म्हणाली. "ती मोठी पातेली आता कशात वापरू? घरात दोघंच."

"एक मला दे. पाणी तापवायला होईल."

"देते. जड आहे, तुम्हाला उचलायचं नाही. ह्यांना सांगते आणून द्यायला."

"सांग. आमच्याकडे बसतील थोडा वेळ. हे वाट बघतात."

थोड्या वेळाने नर्सने तिचा नंबर पुकारला. तिला उठायला जड जात होतं, काकूंनाही जात होतं. दोघी एकमेकींना धरून कशाबशा उभ्या राहिल्या आणि नर्सने दाखवलेल्या दाराकडे सावकाश चालायला लागल्या.